आठवड्याला चार उपास

तिला माझ्याकडं पाठवलं ते हिमोग्लोबिनसाठी. ७.९. ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, लोहाच्या गोळ्या चार महिने चालू, फरक नाही, घरी जेवायला नीट मिळतं का विचारणे. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्या अशाच असतात, म्हणजे डॉक्टरला काहीतरी खटकलेलं असतं पण विचारायला वेळ नसतो, मागं साठ बायकांची लाईन असते, मग ती चिठ्ठी समुपदेशकाकडं सरकते. मी पण सवयीनं विचारत गेले, सकाळी काय खाता, गोळी चहाबरोबर घेता का (घेऊ नका, अंगी लागत नाही), पालेभाजी किती, आणि मग उपास किती करता.

ती बोटं मोजायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार. मंगळवार अलीकडं धरलाय. चतुर्थी वेगळी, एकादश्या दोन्ही. श्रावण अख्खा. नवरात्र उठता-बसता नाही, पुरे नऊ दिवस.

मी म्हटलं, अहो एवढे देव रागावलेत का तुमच्यावर? ती हसली. मग दाराकडं बघितलं, दार बंद होतं, आणि म्हणाली, "उपासाच्या दिवशी हे जवळ येत नाहीत मॅडम. सासूबाईंना चालत नाही ना."

आता पुढं जायच्या आधी एक सांगते. हिची ओळख पटेल असं सगळं मी बदललंय, गाव, मुलं, नवऱ्याचा धंदा, आणि अशाच दोन-तीन जणींचे बारीकसारीक तपशील एकमेकींत मिसळलेत. उपासाची गोष्ट मात्र मी एकीकडून नाही, बऱ्याच जणींकडून ऐकलीय. कुणी पाळीचे पाच दिवस आठ सांगते, कुणी थोरल्या मुलाला सातवीपर्यंत कुशीत घेऊन झोपते, कुणी रात्री अकराला दळण निवडत बसते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाई फार देवभोळी आहे किंवा फार कामसू आहे.

तर हिची परिस्थिती. वय तिशीच्या आसपास, बारावी झालेली, दोन मुलं. नवरा पतसंस्थेत क्लार्क. दारू नाही, तंबाखू नाही, मारहाण नाही, मुलांना दर रविवारी बाहेर घेऊन जातो, गणपतीत मंडळाचा हिशोब त्याच्याकडं असतो. हे सगळं तिनंच सांगितलं, आणि आधी सांगितलं, म्हणजे तक्रार करायच्या आधी नवऱ्याचं चारित्र्य प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. हे जवळजवळ सगळ्याच करतात, कारण त्यांना माहितीये की पहिला प्रश्न तोच येणार, पितो का, मारतो का? आणि दोन्हीला नाही म्हटलं की ऐकणाऱ्याचा इंटरेस्ट संपतो.

ती जे सांगत होती त्याला तिचा शब्द होता "रात्रीचा त्रास". नको म्हटलं की चालायचं नाही. पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हा तीन दिवस अबोला, मग किराण्याचे पैसे बंद, मग मुलांची फी अडवली, मग मोबाईल काढून घेतला. एवढं झाल्यावर ती नको म्हणायचीच बंद झाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर महिना पण झाला नव्हता, टाके ओले होते, तेव्हा तिनं हातानं ढकललं होतं, तेव्हा त्यानं तोंडावर हात दाबून धरला. ते एकदाच झालं असं ती म्हणाली. पण एकदाच पुरतं हो, पुढच्या वेळी हात दाबायची गरज पडत नाही, त्याला पण माहितीये आणि तिला पण.

आणि मग तिनं सांगितलं की त्या वेळात ती भिंतीकडं तोंड करून पाढे म्हणते. मनातल्या मनात. सतराच्या पाढ्याला अडकते आणि परत पहिल्यापासून सुरू करते.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण "मग तिनं विरोध का नाही केला" हा प्रश्न शिकलेली माणसं पण विचारतात. भीतीनं अंग लाकूड होतं, बोबडी वळते, हातपाय गळतात, हे सगळे शब्द आपल्याच भाषेतले आहेत ना? साप दिसल्यावर माणूस जागच्या जागी थिजला तर त्याला कुणी म्हणत नाही की तुझी सापाला संमती होती. घाबरल्यावर पळणं आणि लढणं या दोनच गोष्टी शरीर करतं असं नाही, थिजणं ही तिसरी आहे, आणि जिथं पळायला जागा नाही, शेजारी लेकरं झोपलीत आणि आवाज केला तर सासू उठणार, तिथं शरीर बहुतेक तीच निवडतं. गप्प राहिली म्हणजे हो म्हटली, हे गणित तिथंच चुकतं.

रक्त कमी का होतं ते पण त्याच दिवशी कळलं. उपास हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की नवऱ्यानं दोनदा मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, चिठ्ठीशिवाय, कुणाला न विचारता, आणि दुसऱ्या वेळी पंधरा-वीस दिवस अंगावरून जात होतं. निरोध तो वापरत नाही. तांबी तिनं एकदा बसवली होती, त्यानं काढायला लावली. म्हणजे केसपेपरवर "अॅनिमिया" एवढाच शब्द आणि त्याच्या मागं हे सगळं.

आता माझी चूक.

पहिल्या भेटीत मी बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या. मध्ये तोडलं नाही. "तुमची यात चूक नाही, आणि बरं झालं सांगितलंत" हे म्हटलं. धोक्याचे प्रश्न विचारले, कधी गळा दाबलाय का, घरात कोयता-बियता दाखवून धमकी दिलीय का, मारून टाकीन किंवा स्वतःला संपवीन असं म्हणतो का, त्रास वाढत चाललाय का, मुलांच्या समोर होतं का. गळ्याचा प्रश्न कधीच सोडायचा नसतो, ज्या घरात एकदा गळा दाबला जातो तिथं पुढं जिवाला धोका फार वाढतो. हिचं उत्तर नाही होतं. जागतिक आरोग्य संघटनेचे (डब्ल्यूएचओ) ते पाच मुद्दे आहेत ना, ऐका, गरज विचारा, विश्वास दाखवा, सुरक्षितता बघा, पुढच्या मदतीशी जोडून द्या, त्याचा चार्ट आमच्याकडं कपाटाच्या मागच्या भिंतीवर लावलाय जिथं तो कुणालाच दिसत नाही, पण मला पाठ आहे.

पाठ असून काय उपयोग. शेवटच्या दहा मिनिटात मला चेव आला. मी म्हटलं, ताई याला बलात्कार म्हणतात. मी म्हटलं आपण संरक्षण अधिकाऱ्यांकडं (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) जाऊ, कोर्टात अर्ज करू, पोलिसात पण देता येईल. आणि वर हेल्पलाईनचं पत्रक तिच्या हातात दिलं, गुलाबी रंगाचं, त्यावर मोठ्या अक्षरात कौटुंबिक हिंसाचार लिहिलेलं.

तिचा चेहरा असा मिटला की मला तिथंच कळायला हवं होतं. "बघते मॅडम" म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यातली तारीख चुकवली. त्याच्या पुढची पण. सहा आठवडे पत्ता नाही, आणि फोन करायचा नाही असं ठरलेलं कारण मोबाईल नवरा बघतो. नंतर तिनंच सांगितलं की ते पत्रक तिनं एसटी स्टँडवर बारीक तुकडे करून गटारात टाकलं आणि घरी जाईपर्यंत हात धुत होती, शाईचा वास येईल म्हणून.

तेव्हापासून मी पत्रक देत नाही. महिला हेल्पलाईनचा १८१ हा तीन आकडी नंबर आहे, तो तोंडी सांगून पाठ करून घ्यायचा, तातडीच्या मदतीचा ११२ पण तसाच. आणि बलात्कार हा शब्द मी आता माझ्या तोंडून पहिल्यांदा काढत नाही. तो शब्द खोटा आहे म्हणून नाही. तिच्या आयुष्याला नाव तिनं द्यायचंय, आणि तो शब्द उच्चारला की त्याच्या मागं लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, की मग मी अशा माणसाबरोबर राहते कशी, मुलांचा बाप म्हणून त्याला वाढते कशी. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची तयारी पहिल्याच दिवशी कुणाची असते?

बरं आणि गंमत म्हणजे, कायदा पण तो शब्द म्हणत नाही. जुन्या दंडसंहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या, कलम ३७५ मध्ये अपवाद होता, नवऱ्यानं बायकोशी ठेवलेला संबंध बलात्कार नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर ६३ झाला, अपवाद तसाच आला, फक्त बायकोचं वय पंधराऐवजी अठरा लिहिलं, आणि ते पण सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये आधीच सांगितलेलं होतं. मे २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, न्या. राजीव शकधर म्हणाले अपवाद घटनाबाह्य, न्या. सी. हरी शंकर म्हणाले नाही, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ज्या इंग्रजांनी १८६० मध्ये ही दंडसंहिता आपल्याला दिली त्यांनी स्वतःच्या देशात नवऱ्यांची ही सूट १९९१ लाच मोडीत काढली. आपण अजून सांभाळून ठेवलीय, आजीच्या पितळी डब्यासारखी. वेगळी राहणारी बायको असेल तर मात्र कलम ६७ खाली गुन्हा होतो, दोन ते सात वर्षं शिक्षा आहे. म्हणजे एका छताखाली असेपर्यंत काही नाही.

म्हणून मी त्या दिवशी तिला जे सांगितलं ते अर्धवट पण होतं. तिच्या केसमध्ये खरा दरवाजा होता तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलाय, फीचे पैसे अडवणं आर्थिक छळात बसतं, आणि मारहाणीचे वळ दाखवावे लागत नाहीत. संरक्षण आदेश मिळतो, घरात राहायचा हक्क मिळतो, खर्च मिळतो. हा दिवाणी स्वरूपाचा मामला आहे, नवरा लगेच आत जात नाही, पण कोर्टाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्ज साठ दिवसात निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. ते साठ दिवस कोर्टात कसे चालतात ते ज्यांनी तारखा काढल्यात त्यांना विचारा. शिवाय नवऱ्याच्या क्रूरतेचं फौजदारी कलम, जुनं ४९८अ, आता न्याय संहितेत ८५, ते पण आहे.

सातव्या आठवड्यात ती परत आली. माझ्यासाठी नाही, तिला दिवस गेले होते. नववा आठवडा चालू होता, मूल नको होतं, गोळ्या तर अजिबात नकोत म्हणाली, आणि घरी कळू द्यायचं नाही.

इथं आमच्याच काउंटरवर तिला सांगितलं गेलं, मिस्टरांना घेऊन या, सही लागते.

लागत नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिते, अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते, १९७१ च्या कायद्यात पहिल्यापासून तसंच आहे. नवऱ्याची सही ही दवाखान्यांनी स्वतःच्या सोयीनं लावलेली सवय आहे, उद्या नवरा भांडायला आला तर कागद असावा म्हणून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, तिचं नाव कुणाला सांगितलं तर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं एका निकालात म्हटलं की गर्भपाताच्या नियमांपुरतं बलात्कार या शब्दात नवऱ्यानं केलेला पण धरायचा. म्हणजे बघा, फौजदारी कायद्यात जे झालंच नाही ते गर्भपाताच्या कायद्यात झालं. मी संमतीच्या कलमाची प्रिंट काढून काउंटरवर टेपनं चिकटवली होती. दोन दिवसांनी कुणीतरी काढली. परत चिकटवली. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या म्हणून काम झालं, आधी शिरेतून लोह दिलं, एक रात्र ठेवावं लागलं, रक्त कमी म्हणून, हे घरी खरंच सांगता आलं.

त्या रात्री आम्ही नीट बोललो. म्हणजे ती बोलली. मी एकच प्रश्न विचारला, तुम्हाला आत्ता काय हवंय? मी मनात घर सोडणं, अर्ज, वेगळी खोली असं सगळं तयार ठेवलं होतं. ती म्हणाली मला परत दिवस जायला नकोत, आणि त्यांना कळायला नको. एवढंच.

तांबी त्याला कळली असती, शिवाय तांबीनं अंगावरून जास्त जातं, हिचं रक्त आधीच कमी. मग अंतरा, दिवस न जाण्याचं इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी, सरकारी दवाखान्यात फुकट, अंगावर खूण नाही, घरात पाकीट नाही, कार्ड आमच्याकडंच ठेवलं. या इंजेक्शनांना एकेकाळी स्त्री संघटनांनी विरोध केला होता, त्याची कारणं पण मला पटतात, पाळी अनियमित होते, बाईला नीट माहिती न देता टोचलं जाईल ही भीती खरी होती. पण हिला सगळं सांगून, तिनं विचारून, तिनंच निवडलं. त्यानं रात्रीचा त्रास थांबत नाही हे मला माहिती होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होतं.

दुसरी गोष्ट तिनं मागितली ती अशी, "कुठंतरी लिहिलेलं असावं." केस करायची नव्हती, पण उद्या लागलं तर. म्हणून तिच्या शब्दात लिहिलं, त्रास म्हटली तर त्रास लिहिलं, पाढे म्हणते तर पाढे लिहिलं, तारखेच्या जागी "धाकटीच्या बारशाच्या आठवड्यात" लिहिलं. केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पण हेच आहे, बाईचं म्हणणं तिच्या शब्दात नोंदवा, तपासणीला नाही म्हणायचा हक्क तिला आहे, आणि नाही म्हटली म्हणून उपचार अडवायचे नाहीत.

मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेनं मिळून हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र सुरू केलं, ते हॉस्पिटलमध्येच का, याचं उत्तर मला हिच्यात दिसलं. पोलीस स्टेशनला किंवा महिला मंडळाला जायला घरून परवानगी मिळत नाही. दवाखान्याला मिळते. रक्त कमी आहे म्हणून बाई महिन्याला येऊ शकते आणि कुणाला शंका येत नाही.

आईला तिनं सांगून बघितलं होतं, पहिल्या वर्षीच. आई म्हणाली, "पुरुषाची जात आहे बाळा, बाहेर गेला असता तर?" ती परत माहेरी बोलली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) आलंय की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के कुणाकडं तरी मदत मागतात. मला तो आकडा वाचून कधी आश्चर्य वाटलं नाही, हिनं मागितली होती की, आणि मिळालं ते हे वाक्य.

मदत आली ती भलतीकडून. सुरक्षेचा प्लॅन करताना मी विचारलं घरात असं कोण आहे की ज्याला काही न सांगता पण कळेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली जाऊबाई. दोघींचं पटत नव्हतं, वाटणीवरून धुसफूस होती. पण भिंत एकच. मी काही सुचवलं नाही (एकदा पोळलेली), तिनंच एक दिवस गच्चीवर वाळवण काढताना विषय काढला. जाऊ म्हणाली, "मला ऐकू येतं गं. मी उशी घेते कानावर." आणि रडायला लागली.

त्यांच्या गावात नळाला पाणी रात्री येतं, कधी साडेअकराला कधी एकला, नेमकं नाही. त्यानंतर जाऊबाई दार वाजवायला लागल्या, "उठ गं, पाणी आलंय." पाणी आलेलं असो नसो. दोघी मागच्या दारी हंडे घेऊन बसायच्या. पाण्याला उठणाऱ्या बायकोला कुठला नवरा अडवणार, सकाळी आंघोळीला त्यालाच लागतं. कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला हे सुचलं नसतं. कागदावर आम्ही त्याला सांकेतिक शब्द म्हणतो.

मला सहकाऱ्यांनी विचारलं, नवऱ्याला बोलावून समजवत का नाही. हे फार जण विचारतात आणि बऱ्याच ठिकाणी करतात पण, दोघांना समोरासमोर बसवायचं, तो स्टॅम्पपेपरवर लिहून देतो (पूर्वी शंभराचा, आता पाचशेचा) की इथून पुढं त्रास देणार नाही, सगळे चहा पितात. खोलीत काय बोलली याची किंमत ती रात्री मोजते. हिंसा असेल तिथं जोडप्याचं एकत्र समुपदेशन मी करत नाही, निदान तिनं एकटीनं येऊन, विचार करून मागितल्याशिवाय. हिनं मागितलं नाही. माझी स्वतःची चीड मात्र गेली नाही, मंडळाच्या पावतीवर त्याची सही बघितली एकदा, सुंदर अक्षर आहे.

आता दीड वर्ष होत आलं. ती अजून त्याच घरात आहे. वाचणाऱ्यांपैकी काहींना हे आवडणार नाही, मला पण पूर्ण आवडत नाही. तिनं स्वतःच्या नावाचं बँक खातं काढलंय, ब्लाऊज शिवते, पासबुक जाऊबाईंच्या ट्रंकेत असतं. संरक्षण अधिकाऱ्यांचं ऑफिस कुठं आहे ते एकदा बघून आली, आत गेली नाही, नुसतं बघून आली. मध्ये एकदा ती त्याला सरळ नाही म्हणाली, पुन्हा अबोला आणि फीचे पैसे बंद, पण या वेळी फी तिनं भरली. त्रास कमी झालाय का म्हटलं तर म्हणते कमी झालाय. संपलाय का हे मी विचारत नाही, वाटलं तर सांगेल.

दर तीन महिन्यांनी येते, सुई टोचून झाली की माझ्याकडं वीस मिनिटं बसते. मॅडमची ताई झालीय आता. मागच्या वेळी हिमोग्लोबिन १०.६. मंगळवार आणि शनिवार सोडलेत म्हणाली, सासूबाईंना सांगितलं डॉक्टरांनी बंद केलेत.

पुढच्या इंजेक्शनची तारीख काढली तर ती नवरात्रात येत होती. मी म्हटलं, नऊ दिवस धरणार का यंदा?

"बघू ताई," म्हणाली, "धरला तर देवीसाठी धरीन."